नदीची परिषद

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. थोरवीच्या उगमाशी फार चिकित्सा करू नये, कारण तेथे हाती लागेल ते किरकोळ तरी असावयाचे किंवा अडचणीचे तरी, असा या म्हणीचा भाव आहे. ही म्हण मला नुकतीच आठवली ती एका निमंत्रणपत्राच्या निमित्ताने. पाटबंधाऱ्याच्या कामात उभी हयात घालवून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. नद्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी भरणाऱ्या एका परिषदेच्या चालकांनी त्यांस पत्र पाठवून, परिषदेत कोणकोणती सत्रे असावीत याविषयी प्रस्ताव मागविले होते. सोबत प्रस्तावाचा नमुना होता. सत्राचा विषय, हेतू, वक्ते, लागणारा वेळ आणि श्रोत्यांस होणारा लाभ, अशी त्यात पाच कलमे होती. स्नेह्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकविला आणि ते म्हणाले, "गाळाची, पुलांची, सांडपाण्याची सत्रे सुचविणारे पुष्कळ मिळतील. तुम्ही नीतीचे एखादे सुचवा पाहू."

मी होकार देऊन बसलो. त्यास आता तीन आठवडे झाले. पहिल्याच कलमापाशी माझी लेखणी अडली आहे. ती का अडली, हे वाचकांस सांगावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

पहिली अडचण 'पुनः' या उपसर्गाची. पुनरुज्जीवन म्हणजे पुन्हा जिवंत करणे. पण पुन्हा म्हणजे केव्हासारखी? आमची मुठा नदी घ्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचाही टिकाव लागला नाही. त्या दिवसापूर्वीची नदी आपल्याला हवी आहे काय? परंतु तीही धरणाने बांधलेलीच होती. खडकवासल्याचे धरण 1879 साली पुरे झाले होते. मग त्याही मागची हवी काय? ती नदी पाहिलेला मनुष्य आज हयात नाही, आणि त्या काळच्या लहानशा पुण्याची तहान भागविणे व आजच्या महानगराची तहान भागविणे या गोष्टीही एक नव्हेत. जो तो आपल्या बालपणीच्या नदीस खरी नदी समजतो. पोहावयास शिकलो ती आपली खरी नदी, आणि नातवाला जिच्या काठी नाकाला रुमाल लावावा लागतो ती बिघडलेली, असा आपला साधा हिशेब असतो. नदीचे मूळ शोधू नये, हे म्हणणाऱ्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक असावी.

देवळाच्या जीर्णोद्धारात हा पेच इतका कठीण नसतो. भिंत ढासळली, शिखर कलले, तर तीच भिंत पुन्हा बांधावी, तेच शिखर सरळ करावे. देऊळ हे स्थिर वस्तूंचे बनलेले असते. नदी ही गतीची बनलेली आहे. तिचे पात्र चिरेबंदी करून, काठावर बागा लावून, दिवे टांगून जे उभे राहते ते सुंदर असेलही. पण तो नदीचा जीर्णोद्धार की नदीच्या जागेचा, हा प्रश्न उरतोच. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात चॉन्गेचॉन नावाचा एक ओढा 1958 पासून हळूहळू झाकून टाकण्यात आला आणि वर उंच रस्ता बांधण्यात आला. 2003 साली तो रस्ता पाडावयास सुरुवात झाली आणि 2005 साली सुमारे सहा किलोमीटरांचा प्रवाह पुन्हा उघड्यावर आला. लोकांस तेथे बसावयास, पाण्यात पाय सोडावयास जागा मिळाली. हा लाभ काही थोडा नव्हे. तथापि त्या प्रवाहातले बहुतेक पाणी हान नदीतून यंत्राने उपसून आणून सोडलेले आहे. पंप थांबला तर नदी थांबेल. याला पुनरुज्जीवन म्हणावे की स्मारक म्हणावे, हे मी ठरवू शकत नाही.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांताचे आहे. तेथील किसिमी नदी एका सरोवरातून निघून ओकीचोबी सरोवरास मिळते. सखल प्रदेशातून 103 मैल वळणे घेत ती रमतगमत जाई. 1947 च्या वादळांत मोठा पूर आला. लोक हवालदिल झाले आणि त्यांनी सरकारकडे संरक्षण मागितले. 1962 ते 1971 या काळात सरकारी अभियंत्यांनी त्या नदीचा 56 मैलांचा सरळ कालवा करून टाकला. पूर आटोक्यात आला. पण काठची दलदल वाळली, आणि हिवाळ्यात तेथे उतरणारी पाणबदके दहांत नऊ या प्रमाणात नाहीशी झाली. कालव्याचे काम संपते न संपते तोच, हे चुकले, असे म्हणणारे लोक तेथे उभे राहिले. 1976 साली प्रांताने त्यासाठी कायदा केला, 1992 साली मध्यवर्ती सरकारची संमती मिळाली, 1999 साली कालवा बुजविण्यास आरंभ झाला आणि 2021 साली ते काम पुरे झाले. बुजविला गेला तो 22 मैलांचा कालवा. पुन्हा वाहू लागली ती सुमारे 44 मैलांची नदी. खर्च झाला सुमारे एक अब्ज डॉलर.

या हकिकतीत मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. नदी वळणांवर परतावयाची, तर तिला पसरावयास जमीन हवी. म्हणून प्रांताने एक लाख एकरांहून अधिक जमीन विकत घेऊन नदीच्या स्वाधीन केली. जेथे माणसांची वस्ती दाट झाली होती तेथला कालवा मात्र तसाच राहू दिला, आणि ही मर्यादा लपविली नाही. म्हणजे मूळची नदी कोणती हा वाद तेथे पूर्णपणे सुटला असे नव्हे. त्यांनी प्रश्नच बदलला. नदी कशी होती, याबरोबर त्यांनी हेही विचारले की, आपण तिचे काय घेतले आहे आणि त्यातले काय परत करता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर काळाच्या धुक्यात हरवलेले असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा सरकारी दप्तरात, सातबाऱ्यावर आणि नकाशात सापडते.

येथे 'परिषद' हा शब्दच मला मदतीस आल्यासारखा वाटतो. आज परिषद म्हटले की मंडप, व्यासपीठ, अध्यक्ष आणि आभारप्रदर्शन डोळ्यांपुढे येते. धर्मशास्त्रात पर्षद् अथवा परिषद् या शब्दाचा एक अर्थ फार निराळा आहे. ज्याच्या हातून दोष घडला त्याने जाणत्यांच्या परिषदेपुढे जावयाचे, आपण काय केले ते स्वमुखाने सांगावयाचे, आणि मग परिषदेने त्यास प्रायश्चित्त सांगावयाचे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी कबुली, मग उपाय. शिवाय अजाणता घडलेल्या दोषासही तेथे प्रायश्चित्त होते. किसिमीचा कालवा खणणारे अभियंते दुष्ट नव्हते. पुरात बुडालेली घरे पाहून ते कामास लागले होते. खडकवासल्याचे धरण बांधणारेही दुष्ट नव्हते. परंतु हेतू शुद्ध होता म्हणून ऋण फिटत नाही.

कबुलीस किती मोल असते याचा दाखला न्यूझीलंडमध्ये मिळतो. तेथील व्हांगानुई नदीच्या काठचे माओरी लोक शतकाहून अधिक काळ सरकारशी भांडत आले होते. 2017 साली तेथील कायदेमंडळाने त्या नदीस स्वतंत्र व्यक्तीचा दर्जा दिला, आणि तिच्या वतीने बोलावयास दोन माणसे नेमावयाची, एक सरकारने व एक नदीकाठच्या माओरींनी, असे ठरविले. जगभर गाजावाजा झाला तो या कलमाचा. पण त्याच कायद्यात सरकारने आपल्या हातून काय काय घडले त्याची नोंद केली आहे आणि क्षमा मागितली आहे. वरच्या भागातले पाणी विजेसाठी वळविणे त्यामुळे थांबले नाही, हेही खरे. तरीसुद्धा तेथे आता नदीविषयी बोलताना कोणास साळसूदपणाचा आव आणता येणार नाही.

माझ्या या विचारावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला माझ्या स्नेह्यांचाच आहे. ते म्हणाले, "कबुलीजबाबाने गाळ निघत नाही. परिषदेत चार जाणती माणसे दोन दिवस भेटणार. त्यांनी एकमेकांस उपयोगी ते सांगावे की गळ्यात पडून रडावे?" त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. वैद्याने रोग्याच्या पापांची यादी करीत बसू नये. मात्र वैद्यही औषध देण्यापूर्वी, काय खाल्ले होते, हे विचारतो. आणि रोगी खोटे बोलला तर औषध वाया जाते. सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र कोठे बसवावे हा तंत्राचा प्रश्न आहे. परंतु सांडपाणी कोणाचे आहे हे ज्या सभेत कोणी उच्चारत नाही, त्या सभेचे तंत्रही लुळे पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ती जुनी परिषद मूठभर वर्गाची होती. गुन्ह्याचे माप ती जन्मावरून ठरवी. तिचा दाखला आज कोणत्या तोंडाने द्यावयाचा? हा आक्षेप मी टाळीत नाही. उलट तो आजच्या नदीकाठीही लागू आहे असे मला वाटते. नदीस जागा मोकळी करून द्यावी असे ठरले की प्रथम नोटीस जाते ती पात्रालगतच्या झोपडीस. झोपडी हलविणे सोपे असते. भराव घालून त्यावर उठविलेली चार मजली इमारत मात्र कागदोपत्री निर्दोष ठरते. प्रायश्चित्त दुबळ्यास आणि पुण्य सबळास, ही जुनी वाटणी नव्या शब्दांत चालूच आहे. म्हणून जुन्या परिषदेपासून घ्यावयाचा तो तिचा क्रम; तिची मापे नव्हेत.

आता माझी लेखणी जेथे खरोखर अडली तेथे येतो. पुराच्या दृष्टीने आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. मी राहतो ती इमारत या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात आहे. घर घेताना मी नळाला पाणी किती वेळ येते हे विचारले, शाळा किती लांब हे विचारले, सज्जातून नदी दिसते म्हणून चार पैसे अधिक मोजले. ही जमीन नदीची आहे काय, हे मात्र विचारले नाही. 2024 च्या जुलैत धरणातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यालगतच्या वसाहतींत लोकांच्या घरांत पाणी शिरले. त्या रात्री मी सज्जात उभा राहून पाण्याची पातळी पाहत होतो आणि नदीस दूषणे देत होतो. ती आपल्याच अंगणात आली होती, हे माझ्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आले.

इतकेच नव्हे. सकाळी मी जे पाणी पितो ते मुठेचे. दौंड-इंदापूरकडची शेते कालव्यावाटे जे पितात तेही तेच. आम्ही सर्वांनी वाटून घेतल्यावर पावसाळ्याखेरीज धरणाखाली नदीस स्वतःचे असे पाणी फारसे उरत नाही. पुढे शहरातून वाहते ते बहुतांशी आमच्याच न्हाण्यामोऱ्यांतले. ज्या नदीच्या दुर्दशेविषयी मी इतक्या हळहळीने बोलतो, तिचे पाणी माझ्या हंड्यात आहे आणि तिची जमीन माझ्या पायांखाली आहे.

प्रस्तावाच्या नमुन्यात 'श्रोत्यांस होणारा लाभ' हे पाचवे कलम आहे. त्याखाली सहावे कलम असावे असे मला वाटते: 'वक्त्याने नदीस काय परत दिले, अथवा देण्याची तयारी आहे?' फार मोठे काही लिहावयास नको. कोणी लिहील, आमच्या सोसायटीचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून बाहेर जात नाही. कोणी शेतकरी लिहील, मी उसाखालची दोन एकरे कमी केली. कोणी अधिकारी लिहील, माझ्या सहीने जो भराव पडला तो मी नकाशावर दाखवून देतो. ज्यास काहीच लिहिता येणार नाही त्याने ती जागा कोरी सोडावी. कोरी जागाही कबुलीच होय. आणि ज्यांच्याकडे देण्यासारखे काहीच नाही, ज्यांच्याकडून आजवर नुसते घेतलेच गेले, त्या काठच्या माणसांस हे कलम लागू नसावे. त्यांनी व्यासपीठावर बसून इतरांची उत्तरे ऐकावी.

असे सत्र सुचविणारा प्रस्ताव काल रात्री मी लिहून काढला. विषय लिहिला, हेतू लिहिला, वेळही लिहिला. मग प्रामाणिकपणे खाली सहावे कलम आखले आणि त्यासमोर आपले उत्तर लिहावयास बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी एवढेच लिहिले की, इमारतीतील मंडळींची सभा बोलावून सांडपाण्याचा प्रश्न मांडीन. इमारतीमागे वाहने उभी करण्यासाठी ओढ्यावर जो भराव आम्ही सर्वांनी वर्गणी काढून घातला, तो काढून टाकावा असेही सुचवीन. घर सोडीन, असे लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. ते झाले नाही, हेही मी तेथेच नमूद केले.

आज सकाळी तो कागद स्नेह्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग खिशातून लेखणी काढली आणि माझ्या उत्तराखाली आपल्या बारीक, वळणदार अक्षरांत ते स्वतःचे उत्तर लिहू लागले.