शिपायाच्या हातीं लेखणी

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गचा किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटांतला पाणीमहाल पाहून तृप्त होतो. या मुलखाशीं एका लेखकाचें नांवहि जोडलेलें आहे, हें सहसा त्याच्या ध्यानांत येत नाहीं. 1853 सालीं निजामानें नळदुर्गचा प्रांत कंपनीच्या हवालीं केला, तेव्हां त्याचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला, आणि 1857 पर्यंत तो त्याच्याकडे राहिला. टेलर हा मूळचा निजामाच्या फौजेंतला. 1839 सालीं त्याची ठगांवरील कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि 1840 पासून 1853 पर्यंत तो लंडनच्या 'टाइम्स' पत्राचा हिंदुस्थानांतील वार्ताहर होता. तरवार, कारभार आणि वृत्तपत्राची लेखणी हीं तिन्ही एकाच माणसाच्या आयुष्यांत अशीं एकत्र आलीं.

हीं एकत्र यावींत काय, हा प्रश्न आज नव्या रूपानें पुढें आला आहे. अमेरिकेच्या सैन्यानें 2023 पासून आपल्या व्यावसायिक नियतकालिकांचा जीर्णोद्धार आरंभिला असून, निवडक अधिकाऱ्यांना विद्यापीठांत पत्रविद्या शिकवून मग त्या नियतकालिकांच्या संपादनावर नेमणारी एक शिष्यवृत्ति ठेविली आहे. तिला फॉरेस्ट हार्डिंग या सेनानीचें नांव दिलें आहे. शिपायाला संपादक करावयाचें, ही कल्पना ऐकतांच मनांत शंका उभी राहते. शिपायाचा पहिला धर्म आज्ञापालन; संपादकाचा पहिला धर्म शंका. ज्याला 'कां?' असें विचारावयाची मुभा नाहीं, त्यानें दुसऱ्यांच्या 'कां?' ला छापून प्रसिद्धि कशी द्यावी?

शंका वरवरची नाहीं. पण तींत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. आज्ञा ही कृतीला असते, मताला नसते. निर्णय होण्यापूर्वीं बोलावें, निर्णय झाल्यावर मुकाट्यानें पाळावा, आणि परिणाम दिसल्यावर पुन्हां बोलावें, हा कोणत्याहि सुव्यवस्थित कार्याचा क्रम आहे. शस्त्रक्रिया चालू असतां मदतनिसानें वाद घालूं नये. पण रोगी दगावल्यावर त्याच मदतनिसाला तोंड उघडूं न देणें याला शिस्त म्हणत नाहींत. रणांगण आणि नियतकालिक यांच्या वेळा निराळ्या आहेत. लढाईच्या क्षणीं शंका घेणारा शिपाई जसा आपल्या सोबत्यांचा घात करतो, तसाच लढाई संपल्यावर गप्प बसणारा शिपाई पुढच्या पिढीचा घात करतो.

हार्डिंगचें चरित्रच याला साक्ष आहे. 1934 सालीं त्याच्या देखरेखीखालीं पहिल्या महायुद्धांतील लहान लहान चकमकींवरून धडे काढणारा एक ग्रंथ तयार झाला, आणि 1934 ते 1938 या काळांत त्यानें अमेरिकन पायदळाच्या नियतकालिकाचें संपादन केलें. परंतु 1942 सालीं न्यू गिनींतील बुना येथें त्याच्या डिव्हिजनची चढाई रखडली, आणि त्याला सेनापतित्वावरून दूर करण्यांत आलें. दोष त्याचा, कीं अपुऱ्या तोफा देऊन घाई करणाऱ्या वरिष्ठांचा, याविषयीं मतभेद आहेत. येथें महत्त्वाचें तें हें कीं, उत्तम संपादकहि समरांत अपयशी ठरूं शकतो. लेखणीनें शिपाई सर्वज्ञ होत नाहीं. लेखणीचा उपयोग इतकाच कीं, एकाची चूक सर्वांची ठेव होते, आणि तीच चूक दुसऱ्यांदां रक्त देऊन विकत घ्यावी लागत नाहीं.

आपल्याकडे हा विचार अपरिचित नाहीं. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था 1870 सालीं सिमल्यास निघाली, आणि तिचें नियतकालिक दीड शतकाहून अधिक काळ चालत आलें आहे. पण दुसरी बाजूहि पाहावी. 1954 च्या सैन्यनियमांप्रमाणें नोकरींतील शिपायाला राजकीय प्रश्नावर किंवा सैन्यविषयक बाबींवर पूर्वपरवानगीवांचून कांहीं छापतां येत नाहीं. 1962 च्या पराभवाची चौकशी करून हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनीं 1963 सालीं अहवाल दिला. सरकारनें तो प्रसिद्ध केला नाहीं. 2014 सालीं त्याचा कांहीं भाग बाहेर आला, तोहि एका परदेशी पत्रकाराकडून. गुप्तता कांहीं ठिकाणीं अवश्य आहे. शत्रूला वाट दाखविणारें लिखाण कोणी मागत नाहीं. परंतु वाटा, ठाणीं आणि शस्त्रें बदलून गेल्यावरहि जें झांकून ठेवलें जातें, तें शत्रूपासून झांकलेलें असतें कीं स्वजनांपासून?

म्हणून केवळ शिष्यवृत्तीनें हें काम भागेल, असें मानूं नये. बातमी कशी लिहावी, लेख कसा तपासावा, मथळा कसा द्यावा, हें विद्यापीठ शिकवील. कर्नलास न रुचणारा कॅप्टनचा लेख छापावा आणि त्यानंतर त्या कॅप्टनच्या व संपादकाच्या बढतीला धक्का लागूं नये, ही हमी विद्यापीठ देऊं शकत नाहीं. ती वरिष्ठांनींच द्यावी लागते. ती नसेल तर व्याकरणशुद्ध स्तुतिपाठ तेवढे छापून येतील.

टेलरच्या लेखणींतील उणीव याच कसोटीवर कळते. तो नळदुर्ग सोडून गेल्यालाहि पावणेदोनशें वर्षें होत आलीं. त्याचा वाचक लंडनमध्यें होता. ज्या रयतेविषयीं आणि ज्या शिपायांविषयीं येथून लिहिलें जाई, त्यांना त्याच पानावर उत्तर देण्याचें साधन नव्हतें. सैन्याच्या नियतकालिकांत ही सोय असूं शकते. तेथें लिहिणारा, वाचणारा आणि चुकीची किंमत देणारा हे एकाच पंगतीचे असतात. धाराशिवच्या एखाद्या खेड्यांतला मुलगा भरती होऊन सरहद्दीवर जातो, तेव्हां त्याच्या घरच्यांनीं त्याचा जीव वरिष्ठांच्या शौर्यावर जितका सोंपविलेला असतो, तितकाच त्यांच्या शिकण्याच्या तयारीवरहि सोंपविलेला असतो. शौर्याची पारख युद्ध करतें. शिकण्याच्या तयारीची पारख मात्र शांततेंत, अप्रिय लेख छापण्याच्या वेळींच होते.