झाकली मूठ

गैरहजर राहिलेल्या मुलाला वर्गात उभे करून "काल का आला नाहीस?" असे विचारण्याची मास्तरांची सवय फार जुनी. मलाही ती होती. एकदा एका मुलाने मान खाली घालून सांगितले, "आईला फिट आली होती." माझा हजेरीपट 'घरी काम होते' एवढ्यावरही भागला असता. पण विचारणारा मी होतो, आणि ऐकायला सारा वर्ग होता.

हा प्रसंग मला २०१९ साली पुन्हा आठवला, तो आमच्या शेजारच्या आप्पांमुळे. कापसाच्या जिनिंगमध्ये आप्पांची बावीस वर्षे गेली. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन बसते. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते; पुढेपुढे ती सुटतच नाही. बिसिनोसिस नावाचा हा रोग १९२३च्या भरपाई कायद्याच्या यादीत होता. (आता त्या कायद्याची जागा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.) काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तरी जुन्या मालकाकडे मागणी करता येई. जिनिंग हा हंगामी धंदा, आणि कामगार विम्याच्या कायद्याने हंगामी कारखाने वगळलेले. तेव्हा मागायचे ते मालकाकडेच. आप्पा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. मॅट्रिक झालेला मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहितो, म्हणजे अर्ज झकास लिहीत असणार, असा आमच्या गल्लीचा समज आहे!

मालकाच्या वकिलाचे पत्र आले : आजवरच्या सर्व औषधोपचारांचे कागद दाखवावेत. त्या रात्री आप्पा रेक्झिनची पिशवी घेऊन आले. छातीच्या कागदांखाली आणखी एक कागद होता. थोरला मुलगा विहिरीत गेला, त्या वर्षी आप्पा चार महिने मनोरुग्णालयात होते.

"गुरुजी, हे मालकाला कळलंच पाहिजे का? त्यांचा दिवाणजी आमच्या भावकीतला. पोरीचं बघणं चाललंय."

मालकाचीही एक बाजू आहे. ज्याने पैसे मोजायचे, त्याने रोग खरा की खोटा हे पाहू नये काय? कायद्याने त्याला स्वखर्चाने आपल्या डॉक्टरकडून तपासणी करवण्याचा अधिकार दिला होता, आणि कामगार तपासणी नाकारील तोवर त्याचा हक्क स्थगित राही. मला यात अन्याय दिसत नाही. विड्या ओढत होता का, घरात क्षय होता का, हेही खुशाल विचारावे. प्रश्न छातीचा आहे. पण छातीची भरपाई मागणाऱ्याच्या मनाची झडती कशाला? कर्जाचे धान्य मापून घेणारा सावकारदेखील माजघरात शिरत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा. पण त्यांच्या शब्दापेक्षा दिवाणजींची जीभ आमच्या गल्लीत लवकर पोचते.

मग न सांगणे म्हणजे खोटे बोलणे का? मला कर्णपर्वातला कौशिक आठवला. जीव घेऊन पळालेली माणसे कोणत्या वाटेने गेली, हे त्याने दरोडेखोरांना खरेखरे सांगितले, आणि त्या खरेपणापायी तो नरकात गेला. आप्पांचा मालक काही दरोडेखोर नव्हे. पण कौशिकाने व्रत पाळले स्वतःचे आणि त्याची किंमत भरली इतरांनी, ही गोष्ट मला अधिक टोचते. आप्पांच्या मुलीने कसला अर्ज केला होता?

मी उत्तर लिहिले : छातीचे सर्व कागद सोबत जोडले आहेत, तपासणीस अर्जदार तयार आहे, इतर आजारांचा या मागणीशी संबंध नाही. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूष होतो. आप्पांनी ते दोनदा वाचून घेतले. "अन् साहेबांनी तोंडावर विचारलं तर? मला खोटं नाही बोलवायचं, गुरुजी." दुसऱ्या दिवशी त्यांनी मागणीच मागे घेतली.

मार्गशीर्षात मुलीचे लग्न झाले. मंगलाष्टकांच्या वेळी आप्पा भिंतीला टेकून धापा टाकीत बसले होते, आणि दिवाणजी पाहुण्यांना अक्षता वाटत होते. तो कागद आप्पांनी माझ्याकडेच ठेवला आहे. घरात नको म्हणतात.