डोंगरावर मंडप घालावा का?



आज प्रायश्चित्तकाळाचा दुसरा रविवार. प्रभू येशूच्या रूपांतराचे शुभवर्तमान आपण मिस्सामध्ये ऐकले. पेत्र, याकोब व योहान यांना घेऊन प्रभू उंच डोंगरावर गेला. तेथे जे दिसले त्याने पेत्र इतका भारावला की आपण येथेच राहू, तीन मंडप उभारू, असे तो बोलून गेला. पेत्राचे हे बोलणे या आठवड्यात आम्हाला सारखे आठवत होते. त्याला कारण झाला एक कागद.

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात सहलीला जावे, असा बेत आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी केला आहे. त्यांनी निसर्गरम्य ठिकाणांची एक यादी आम्हाला दाखवली. वर लिहिले होते, 'मरण्यापूर्वी पाहायलाच हवे'. अशा यादीला हल्ली 'बकेट लिस्ट' म्हणतात. २०१८ साली या नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला. यादीत नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या बाजूची तीन नावे होती: तोरणमाळ, अस्तंभा शिखर आणि नर्मदेतील नौकाविहार. प्रत्येक नावापुढे एक चौकोन होता. पाहून झाले की खूण करायची.

सहलीला जाऊ नका, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. निसर्गाचे सौंदर्य पाहून मन आनंदित होणे हीसुद्धा परमेश्वराची स्तुतीच आहे. स्तोत्रकर्त्याने तेच केले. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. शहाद्याहून सातपायरी घाट चढून वर गेले की यशवंत तलाव लागतो, पुढे सीताखाईची खोल दरी. खाली खानदेश उन्हाने भाजून निघत असताना वर गार वारा मिळतो. देवाने दिलेले हे दान नाकारणारे आपण कोण?

तरीही प्रश्न उरतोच. पाहिले म्हणजे झाले का? १३३६ साली पेत्रार्क नावाचा इटालियन कवी फ्रान्समधील व्हाँतू नावाच्या डोंगरावर केवळ वरून काय दिसते ते पाहण्यासाठी चढला. शिखरावर त्याने संत अगस्तीनची 'कबुलीजबाब' ही पुस्तिका उघडली. माणसे पर्वत आणि समुद्र पाहायला दूर जातात, मात्र स्वतःकडे पाहायचे विसरतात, या अर्थाचे वाक्य नेमके त्याच्या नजरेस पडले. तो खजील झाला आणि डोंगर उतरताना गप्पच राहिला, असे त्याने लिहून ठेवले आहे. संत अगस्तीनचे म्हणणे खरेच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. डोंगर पाहणारा माणूस स्वतःला विसरतो, तसाच तो डोंगरावर राहणाऱ्यालाही विसरतो.

धडगावच्या डोंगरात राहणारे आपले आदिवासी बांधव, भिल्ल आणि पावरा, यांनाही वर्षातून प्रवास घडतो. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीला परत येतात. आपण सुट्टी घालवायला त्यांच्या गावी जातो, ते पोट भरायला आपले गाव सोडतात. मे महिन्यात आपण तेथे पोहोचतो तेव्हा त्यांच्या घरी आमचुराची घाई असते. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, उन्हात वाळवायच्या आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. अस्तंभ्याचेही तसेच. आपल्या यादीत ते चढाईचे शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत तेथे पायी जाणाऱ्या हजारो यात्रेकरूंसाठी ते अश्वत्थाम्याचे स्थान आहे. कपाळावर न भरणारी जखम घेऊन तो या रानात तेल मागत फिरतो, अशी त्यांची समजूत आहे. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी ज्या वाटेने दुसरा हात जोडून जातो त्या वाटेवर आपणही जपून पाऊल टाकावे.

आणि नर्मदा? आज तेथे जो विस्तीर्ण जलाशय दिसतो तो सरदार सरोवर धरणाचा फुगवटा आहे. १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत तो २०१९ साली प्रथमच भरला. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील ३३ गावांना या बुडिताचा फटका बसला. आपली नाव जेथून जाईल तेथे खाली कोणाचे तरी शेत, कोणाची तरी चूल होती. 'आम्ही काही ते बुडवले नाही', असे आपण म्हणू. पण या प्रकल्पाच्या विजेत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. आपल्या घरातले बटण आणि ते पाणी यांचा काही संबंधच नाही, असे म्हणता येईल का?

याच पाण्यावर दुसरीही एक नाव चालली. २०२० साली करोनाच्या भीतीने आदिवासी कुटुंबे अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः वल्हे मारीत बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत पोषण आहार घेऊन जात. जाऊन-येऊन १८ किलोमीटरचे हे अंतर असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. नदी तीच, दृश्यही तेच. फरक इतकाच की त्या नावेला पलीकडच्या काठावर कोणाला तरी भेटायचे होते.

कोणी म्हणेल, "फादर, आम्ही गेलो तर तिथल्या लोकांना चार पैसे मिळतात. हे चांगलेच ना?" होय, चांगलेच आहे. पण पैसे खरोखर त्यांच्याच हातात पडतात का, हे पाहणे आपल्याकडे आहे. दुसरा म्हणेल, "चार दिवस आनंदाचे, तेथेही दुःख का आठवायचे?" यावर आमचे उत्तर असे: दुःख आठवण्यासाठी जाऊ नका, आनंदासाठीच जा. पण ज्याच्या अंगणात आनंद मिळतो त्याच्याकडे पाठ फिरवली, तर तो आनंद निम्मा उसना आणि निम्मा चोरलेला ठरतो.

प्रभूने शिष्यांना गावोगावी पाठवताना, ज्या घरी जाल तेथेच राहा आणि पुढे वाढतील ते खा, असे सांगितले होते. सहलीसाठी यापेक्षा चांगला नियम आम्हाला सुचत नाही. शक्य असेल तेथे गावातल्याच घरी पैसे देऊन जेवा. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या. आमचूर घ्याल तर धडगावच्या बाजारात घ्या आणि घासाघीस करू नका. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा. निसर्गाची काळजी आणि गरिबांची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हेच पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात शिकवले.

आता पुन्हा पेत्राकडे वळू. प्रभूने त्याला मंडप उभारू दिले नाहीत. आजचे वाचन डोंगर उतरतानाच थांबते. पुढच्या ओळी आज घरी सर्वांनी मिळून वाचा. पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलासाठी रडत उभा आहे आणि प्रभू सरळ त्याच्याकडे जातो. डोंगरावरचा प्रकाश खरा होता. पण तो डोंगरावरच ठेवायचा नव्हता, त्या मुलापर्यंत न्यायचा होता.

मे महिन्यात तोरणमाळला जरूर जा. परत आल्यावर त्या चौकोनात खूण करण्यापूर्वी एक करा. तेथे भेटलेल्या एका तरी माणसाचे नाव त्यासमोर लिहा. नाव लिहिता आले नाही, तर चौकोन तसाच रिकामा ठेवा, आणि पुन्हा जा.

प्रभू आपला प्रवास सुखाचा करो.

आपले धर्मगुरू