खुंट्यावरचा दुसरा हात

मातृत्व आणि वाङ्मयनिर्मिति यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा स्त्रियांनाच विचारला जातो. एखाद्या लेखिकेचा सत्कार झाला, कीं "घर सांभाळून हें सारें कसें जमतें?" असें कोणी ना कोणी कौतुकानें विचारतोच. लेखकाला मात्र हें कोणी विचारीत नाहीं. त्याला घर नसतें असें नव्हे. पण तें त्याच्यासाठीं दुसरें कोणी तरी सांभाळीत असेल, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. या गृहीताचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त घडलें तें असें. परभणीस आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. विवाहापूर्वीं त्यांच्या कांहीं कथा मासिकांतून आल्या होत्या. पुढें मूल झालें आणि लेखन मागें पडलें. मूल दोन वर्षांचें झाल्यावर, तें निजलें म्हणजे त्या पुन्हा कागद घेऊन बसूं लागल्या. एका रात्रीं मुलाच्या अंगांत ताप होता. तें रडत उठलें तेव्हां त्यांचें एक वाक्य अर्धें लिहून झालें होतें. त्यांनीं तें वाक्य आधीं पुरें केलें आणि मग त्या उठल्या. एवढीच गोष्ट. मूल दोन दिवसांत बरेंही झालें. परंतु ती कथा मात्र त्यांनीं पुढें लिहिली नाहीं. "तें वाक्य चांगलें साधलें होतें, म्हणूनच मला त्याची लाज वाटते," असें त्या म्हणाल्या.

यावर "त्यांत काय मोठेंसें?" असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. तापलेल्या मुलाची हांक उद्यांवर टाकण्याजोगी नव्हे. आणि मनांत आलेलें वाक्यही उद्यांपर्यंत थांबत नाहीं, हें ज्यानें कधीं कांहीं लिहिलें आहे त्याला ठाऊक आहे. एकीकडे कर्तव्य आणि दुसरीकडे नुसती हौस असा सामना असता, तर निर्णय अवघड नव्हता. येथें दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. कलेपुढें सर्व क्षम्य आहे, असें एक मत आहे. आईला आई होण्यापलीकडे आणखी हवेंच कशाला, असें दुसरें. दोन्हीं मतें एकेक मागणी खोटी ठरवून आपली सुटका करून घेतात.

याच जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड आहे. जनाबाईचें हें जन्मस्थान. दमा आणि करुंड या दांपत्याची ही मुलगी लहानपणींच पंढरपुरास दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरीं आली आणि जन्मभर नामयाची दासी म्हणून राहिली. दळणकांडण, झाडलोट, पाणी, शेण्या, हीं सारीं कामें तिच्याकडे. तरीही तिच्या नांवावर आज सुमारे साडेतीनशें अभंग आहेत. त्यामुळें आजच्या लेखिकांना उपदेश करण्यास जनाबाई फार सोयीची पडते. जात्यावर बसून जें जनीला साधलें, तें तुम्हांला कां साधूं नये?

हा उपदेश करणारे तिची कथाच नीट ऐकत नाहींत, असें आम्हांस वाटतें. परंपरेनें जपलेल्या कथेंत जनी एकटी दळीत नाहीं. विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावतो. तिच्याबरोबर शेण्या वेंचतो. इतकेंच नव्हे, तर कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याविषयीं जी परंपरा सांगतात, तींत जनीचा लेखनिक प्रत्यक्ष नारायणच आहे. भाविकाला येथें देवाची कृपा दिसते, आणि ती तशी पाहण्यास आमची हरकत नाहीं. परंतु ज्या लोकांनीं ही कथा सांभाळली, त्यांना व्यवहारांतलें एक सत्यही कळलें होतें. दुसरा हात लागल्यावांचून दळण आणि अभंग दोन्ही एका जिवाकडून होत नाहींत; आणि कोणी टिपून घेतल्यावांचून झालेला अभंग उरत नाहीं. घरांतल्या कोणा माणसाचा हात त्या खुंट्यावर कल्पितां येईना, म्हणून देवाला यावें लागलें!

जनाबाईला मूल नव्हतें, असा आक्षेप येथें कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. खुंटा कोणीही धरूं शकतो. आईची जागा कोण घेणार? शिवाय जात्याला लय असते, तिच्यावर ओवी बसते. मूल लयींत हांक मारीत नाहीं. स्त्रीला लिहावयाचें तर स्वतःची खोली आणि स्वतःचा पैसा हवा, असें व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनें १९२९ सालीं लिहिलें. पण खोलीचें दार कितीही जाड असलें, तरी मुलाचा आवाज आईला त्यांतून ऐकूं येतोच. आपल्याकडील आयांनीं ओव्या, गाणीं, लहान कविता अधिक रचल्या, याचें कारण हेंच असावें. सलग तास हातीं आले ते बहुधा उशिरां. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून पुस्तकरूपानें निघूं लागलीं, तेव्हां लक्ष्मीबाईंनीं पासष्टी ओलांडली होती. इंदिरा संतांना १९४६ सालीं वैधव्य आलें. मुलें आणि शिक्षिकेचें काम सांभाळीत त्यांनीं मुख्यतः कविता लिहिली. 'शेला' १९५१ सालीं आला, 'मेंदी' १९५५ सालीं.

खानदेशांतल्या बहिणाबाई चौधरींची गोष्ट याहून बोलकी आहे. ऐन तिशींत वैधव्य, पदरीं तीन मुलें, शेतांतलें काम, आणि अक्षरओळख नाहीं. त्यांचीं गाणीं आपल्याला लाभलीं, तीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि दुसरे एक आप्त यांनीं उतरून ठेविलीं म्हणून. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या आणि १९५२ सालीं संग्रह प्रसिद्ध झाला. जें मूल आईचा वेळ खातें असें आपण म्हणतों, तेंच येथें तिचें लेखनिक झालें. आईचें गाणें मुलाला अन्याय वाटलें असतें, तर तें त्यानें उतरून कशाला घेतलें असतें? ज्यांना असा लेखनिक मिळाला नाहीं, त्यांच्या ओव्या मात्र जात्याबरोबरच थांबल्या.

आतां परभणीच्या त्या रात्रीकडे परत येऊं. सांगतां सांगतां बाईंनीं आणखी एक गोष्ट सहज सांगितली होती. शेजारच्या खोलींत मुलाचे वडील वाचीत जागे होते. रडणें त्यांनींही ऐकलें. पण तें बोलावणें आपल्याला आहे, असें त्यांना वाटलें नाहीं. ते निष्ठुर नाहींत. मुलावर त्यांचा जीव आहे. तरी एकाच हांकेला एक उशिरां उठली आणि दुसरा उठलाच नाहीं. अपराधी मात्र उठणारीच ठरली!

तेव्हां आमचें मत असें. त्या रात्रीं मुलाचें कांहीं देणें थकलें, हें खरें. परंतु तें देणें घराचें होतें, एकट्या आईचें नव्हे. आणि घराच्या देण्याचा हिशेब एकटीकडून मागणें हा न्याय नव्हे. दुसरा हात लागल्यानें सारेंच सुटेल, असेंही आम्ही म्हणत नाहीं. अंगावर पिणाऱ्या मुलाला बापाचा हात पुरत नाहीं, आणि कांहीं पुस्तकें लिहावयाचीं राहतीलच. पण मग तें दुःख नुसतें दुःख राहील. त्याचा अपराध होणार नाहीं. त्या कथेंतलें वाक्य चांगलें असेल, तर बाईंनीं ती कथा पुरी करावी.

आम्हीही पुष्कळ वर्षें लिहीत आलों आहों. आमचीं मुलें लहान होतीं तेव्हां त्यांनाही ताप आले असतील, रात्रीं तींही रडत उठलीं असतील. त्यांतली एकही रात्र आम्हांस आठवत नाहीं. आमचीं वाक्यें मात्र पुरीं झालीं. दाराबाहेर कोणी तरी हलक्या आवाजांत मुलांना सांगत असे, "गलका करूं नका, ते लिहीत बसले आहेत." तिला स्वतःला कांहीं लिहावयाचें होतें काय, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.