शिट्टी आणि शिट्टी वाजवणारा



शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की पालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास येते : "पंच फार उर्मट होता हो!" या तक्रारीत बहुधा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. निर्णय चुकला ही एक आणि पंच वाईट वागला ही दुसरी.

बचाव करणारा आधी जागेवर उभा होता, की धावत येणाऱ्याच्या वाटेत तो ऐन वेळी शिरला, हे पंचाला पापणी लवते तेवढ्यात ठरवायचे असते. आपल्याला बाहेरून जे दिसते ते आपल्या पोराच्या बाजूनेच दिसते. अशी चूक सोसणे हा खेळाचाच भाग आहे. पण समजा, बारा वर्षांच्या कर्णधार मुलीने "सर, फाऊल कोणाचा?" असे विचारले आणि पंच सगळ्यांदेखत म्हणाला, "खेळता येत नाही तर घरी बस." हा निर्णय नव्हे, अपमान आहे. खेळ थांबलेला आणि घड्याळ बंद असताना कर्णधाराने सभ्यपणे पंचांना माहिती विचारावी, अशी मुभा आंतरराष्ट्रीय नियमांनीच दिली आहे.

अशा वेळी आपल्यापैकी काही जण मुलीला दटावतात, "गप्प राहा, पंचाशी वाद नको." त्यातून ती शिकते की ज्याच्या हाती अधिकार त्याने काहीही बोलावे. दुसरे काही उभे राहून "डोळे फुटले का?" असे ओरडतात. त्यातून ती शिकते की ज्याचा आवाज मोठा तो खरा. आणि हेच प्रशिक्षकाने केले तर तांत्रिक फाऊल होऊन फ्री थ्रो समोरच्या संघाला मिळतो.

जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे हा खेळ सुरू केला. ते ईशज्ञान शिकलेले गृहस्थ होते. त्यांच्या मूळ १३ नियमांत दोन अधिकारी आहेत. एकाने चेंडूकडे पाहायचे, दुसऱ्याने खेळाडूंकडे. खेळाडूंवर नजर ठेवणाऱ्याला फाऊल नोंदवण्याचा, प्रसंगी खेळाडूला बाहेर काढण्याचाही अधिकार दिला होता. कोणाला हिणवण्याचा अधिकार मात्र त्या तेरांत कुठेच नाही.

म्हणून शिट्टी वाजली की थांबावे, पण अपमान गिळू नये. प्रशिक्षकांनी सामना संपल्यावर आयोजकांना लेखी कळवावे. पंच जे बोलला तेच शब्द लिहावेत. त्यात "शेवटचा फाऊल चुकीचा होता" हे घातले की पत्राचे वजन गेलेच. खरे तर जिंकलेल्या संघाच्या पालकांनी लिहिलेले पत्र सर्वांत जड. आणि समोरच्या संघातल्या मुलाला पंच टाकून बोलला तर? तेव्हा आपल्यापैकी किती जणांना पत्र सुचते?

पंचही पुष्कळदा कोवळ्या वयाचा, कालपरवापर्यंत स्वतः खेळणारा असतो. दिवसभर उन्हात एकामागून एक सामने, त्यात दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. मग भीती लपवायला आवाज चढतो. हे ध्यानात घेतले तर आयोजकांशी बोलताना आपल्या जिभेवर ताबा राहतो. पत्र मात्र तरीही जायला हवे.

मुलीला त्याच रात्री सांगावे, "थांबलीस ते बरोबर केलेस. विचारलेस तेही बरोबर. तो जे बोलला ते खरे नाही, आणि उद्या मी तुझ्या सरांना भेटणार आहे."