शांतता जमा, आवाज नावे

माणूस नीतीने वागतो की नाही हे पाहायचे असेल, तर त्याची खिडकी पाहावी. शेजारी भांडण किंवा भजन सुरू झाले की तो ती लावून घेतो. आणि स्वतःच्या मुलीची हार्मोनियम सुरू झाली की तीच खिडकी कौतुकाने सताड उघडतो. दुसऱ्याचा तो गोंगाट आणि आपला तो कार्यक्रम, हा भेदभाव फार जुना आहे.

मोठमोठे तत्त्वज्ञही याला अपवाद नव्हते. प्रशियातले इमॅन्युएल कांट घ्या. आपण जसे वागतो तसेच साऱ्या जगाने वागलेले आपल्याला चालेल का, हे आधी स्वतःला विचारा, असे सांगणारा हा थोर माणूस. त्यांच्या घराजवळ तुरुंग होता आणि तिथले कैदी मोठ्याने भजने म्हणत. कांटसाहेबांनी १७८४ साली तक्रार केली, की यांना म्हणावे खिडक्या लावून गा. शोपेनहॉअर यांनी तर गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर रागारागाने एक अख्खा निबंध लिहिला. त्याच्या कितीतरी आधी, १८२१ साली बर्लिनमध्ये, खोलीच्या दाराशी बोलत बसणाऱ्या एका शिवणकामवाल्या बाईला त्यांनी ढकलून दिले. प्रकरण कोर्टात गेले आणि ती बाई मरेपर्यंत महाशयांना तिमाही हप्ता भरावा लागला. शांततेपायी इतक्या लांब मुदतीचे खाते दुसऱ्या कुणी उघडल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि माझा जन्म बँकेच्या काउंटरवर चालला आहे.

पण हे सगळे दुसऱ्याच्या आवाजाविषयी झाले. आपल्या स्वतःच्या आवाजाचे काय करायचे, हा प्रश्न या मंडळींनी बहुधा आमच्या धाकट्या मेहुण्यासाठी राखून ठेवला होता.

हा मेहुणा साकोलीला राहतो. त्याने एक जुनी मॅटाडोर घेतली. आमच्या लहानपणी नवरदेवापासून कोंबड्यांपर्यंत सारे जिच्यातून जात, तीच ती मॅटाडोर. आरटीओचे कागदपत्र, परवानग्या, सगळे रीतसर करून त्याने तिचे चालते घर केले. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि देवाचा फोटो. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होते. गाडीला तो प्रेमाने ‘व्हिंटेज’ म्हणतो. पण त्याच २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज कुणाला म्हणायचे तेही ठरवून टाकले आहे: पन्नास वर्षे पुरी झालेली आणि मोठा फेरफार न होता मूळ रूपात राहिलेली गाडी. मॅटाडोर चाळिशीत आहे आणि तिच्यात पलंग बसवला आहे, म्हणून ती या व्याख्येत बसत नाही. मीही पन्नाशीच्या अलीकडे आहे आणि माझ्या दोन दाढा बदललेल्या आहेत. म्हणून मीही बसत नाही. आम्ही दोघे नुसतेच जुने.

आता भंडारा जिल्ह्यातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, पत्र्याच्या गाडीत कूलरशिवाय झोपणे म्हणजे पापडाने भट्टीत विश्रांती घेण्यासारखे आहे. कूलर आला म्हणजे वीज आली, आणि वीज आली म्हणजे जनरेटर आला. एका मंडपवाल्याकडून त्याने जुना डिझेलचा जनरेटर घेतला आणि गाडीच्या मागच्या अंगाला लोखंडी कप्पा करून त्यात बसवला. कप्प्याच्या पलीकडे जनरेटर, अलीकडे मेहुण्याची उशी. पहिल्या रात्री गारवा भरपूर होता, झोप नव्हती. कप्प्याचा पत्रा ढोलासारखा वाजत होता आणि पलंग त्या तालावर थरथरत होता.

आजार आणि आवाज यांवर आपल्याकडे प्रत्येकाजवळ औषध असते. कुणी सांगितले, अंड्यांचे ट्रे चिकटवा. कुणी म्हणाले थर्माकोल. हिने जुन्या गोधड्या देऊ केल्या. सासरे म्हणाले, आपला जिल्हा धानाचा, फुकटची तणस ठासून भरा. डिझेल, तापलेला सायलेन्सर आणि वाळलेली तणस! आवाज कायमचा बंद झाला असता, गाडीसकट.

शेवटी हायवेवरच्या एका वेल्डिंगवाल्याने शिकवणी घेतली. आवाज अडवायला वजन लागते, म्हणून जाड पत्रा. अंड्याचा ट्रे आतला घुमारा थोडा कमी करील, पण आवाज अडवण्याइतके वजन त्याच्या अंगात नाही. पत्र्याच्या आतून रॉकवूल, कारण ते आवाज गिळते आणि पेटत नाही. ते सुटून इंजिनात जाऊ नये म्हणून त्यावर भोकाभोकांचा पत्रा. दाराच्या कडेला रबरी पट्टी, कारण आवाज हा उंदरासारखा असतो, बोटभर फट त्याला पुरते. इंजिनाखाली रबराचे पाय, म्हणजे थरथर सांगाड्यात उतरत नाही. एवढे ऐकून मेहुणा म्हणाला, “मग सगळंच बंद करून टाका ना, एकही भोक ठेवू नका.” त्यावर तो वेल्डिंगवाला जे बोलला ते एखाद्या मठाच्या भिंतीवर लिहावे असे होते.

“भाऊ, आवाज कोंडता येते, गरमी नाही कोंडता येत. इंजिनले श्वास पायजे.”

त्याचे खरे आहे. डिझेलमधल्या शक्तीचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. तिला वाट ठेवली नाही तर इंजिन शिजते. म्हणून हवेला वाट द्यायची, पण सरळ नाही. आतून रॉकवूल लावलेली वाकडीतिकडी. हवा वळणे घेत निघून जाते आणि आवाज भिंतींवर आपटून आपटून थकतो. धुराची नळी वेगळी, पक्की, खिडकीपासून लांब नेलेली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि आवाज तर नाहीच. झोपेत माणसाला कळतही नाही. जनरेटरचा खडखडाट निदान सांगून येतो. हा न सांगता येतो. म्हणून कप्पा आणि खोली यांच्यामधल्या भिंतीत सुईएवढीही फट नको.

इथवर सगळे यंत्रशास्त्र होते. नीतिशास्त्र सुरू झाले ते हिशेबाचा कागद हातात आल्यावर. चारही बाजूंना रॉकवूल, वाकड्या वाटा, जाड पत्रा यांचा आकडा पाहून मेहुण्याने कप्प्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “भाऊजी, आपल्याले झोपायचं आहे आत. मग उशीकडची भिंत तेवढी भरून घेतो. बाकीच्या तिन्ही बाजूंना नुसती जाळी. हवाही खेळते, पैसाही वाचते. बाहेर कोण झोपते?”

बाहेर कोण झोपते? माझ्या मते मानवजातीपुढचा हा एक फार मोठा प्रश्न आहे, आणि तो इतक्या सहजपणे, हातात टेप घेऊन विचारला जाईल असे वाटले नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञान मला येत नाही, नावे-जमा येते. जमेच्या बाजूला काही आले की नावेच्या बाजूला तेवढेच कुठेतरी पडले पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. तीन बाजूंना जाळी लावली म्हणून जनरेटरचा आवाज कमी होत नाही. त्याचा पत्ता बदलतो. मेहुण्याच्या खात्यावर शांतता जमा, आणि आवाज नावे कुणाच्या? ज्याचे खातेच आपल्याकडे नाही अशा माणसाच्या! ज्याने सही केलेली नाही, ज्याला पासबुक मिळालेले नाही, त्याच्या नावावर परस्पर कर्ज टाकण्याला बँकेत जे म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

याचा जिवंत नमुना मी रोज पाहतो. एका शाखेत (कोणत्या ते विचारू नये, मला तिथेच निवृत्त व्हायचे आहे) जनरेटर मागच्या बोळात ठेवलेला आहे. वीज गेली की आत पंखे फिरतात, नोटा मोजल्या जातात आणि खातेदार म्हणतात, वा, सोय छान आहे. बोळात एकाची चहाची टपरी आहे. तो एकदा कप ठेवता ठेवता म्हणाला, “साहेब, लाइट तुमची जाते, दुपार आमची जाते.” याहून नेमकी नोंद मी आजवर एकाही खतावणीत वाचलेली नाही. जनरेटरला डबा करून द्यावा असा अर्ज वर गेला आहे. वरून अजून कसलाही आवाज आलेला नाही.

या बाबतीत कायदा तत्त्वज्ञांपेक्षा शहाणा निघाला. १ जानेवारी २००५ पासून तयार होणाऱ्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला आवाजाची मर्यादा आहे ७५ डेसिबल. पण आकड्यापेक्षा मला आवडली ती मोजण्याची जागा: डब्यापासून एक मीटर बाहेर. मालकाच्या उशीजवळ मोजा असे त्यात म्हटलेले नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीतली मर्यादा आहे ती दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५. आता मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. त्या ढोबळ हिशेबाने एक मीटरवरचे ७५ दहा मीटरवर ५५ होतात आणि ४५ व्हायला तीस मीटर लागतात. म्हणजे अगदी नियमातला जनरेटरसुद्धा रात्री कुणाच्या बाजेपासून तीस मीटर दूर हवा. गावात तेवढ्यात तीन घरे आणि एक गोठा येतो.

हे सगळे मी मेहुण्याला सांगितले. त्यावर त्याने हुकमाचे पान टाकले. “भाऊजी, घराले शेजारी असतात. गाडीले कुठले शेजारी? रात्री थांबलो, सकाळी निघालो. कोण ओळखते आपल्याले?”

खरी मेख इथे आहे. शेजाऱ्याशी आपण बरे वागतो त्यात नीती किती आणि भीती किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही. उद्या त्याच्याकडे विरजण मागायला जायचे असते, परवा त्याने आपला कचरा आपल्याच दारात आणून टाकायचा असतो. पण चाके असलेल्या घराला उद्या नसतो. ज्या गावाला आपले नाव माहीत नाही आणि जिथे आपण पुन्हा येणार नाही, तिथल्या माणसाची झोप मोडायची की नाही, याचे उत्तर देताना आपल्याजवळ भीती शिल्लक नसते. तेव्हा जे उरेल तेवढीच आपली नीती. लहान असेल, पण खरी रोख शिल्लक तीच.

आवाज मुळात पाप आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, गावोगाव मंडप पडतात आणि नाटक रात्रभर चालते. मंडपामागे जनरेटर धडधडत असतो. त्याच्याविरुद्ध कुणी कधी अर्ज केला नाही. उलट तो मध्येच बंद पडला तर गाव उठून उभे राहते. कारण त्या आवाजाच्या उजेडात सारे गाव बसलेले असते. आवाज सगळ्यांच्या नावे, नाटक सगळ्यांच्या जमा. ताळेबंद जुळतो.

मेहुण्याला हे पटले नाही. भाषणाने माणूस सुधारत असता तर आमच्या शाखेत वसुली शंभर टक्के असती. प्रश्न सोडवला तो हिने. ती भावाला म्हणाली, “तू म्हणतोस ना बाहेर कोण झोपते? मग एक रात्र तू झोप.” आणि गाडीपासून दहा पावलांवर बाज टाकून दिली. कांटसाहेबांनी जाडजाड ग्रंथांतून सांगितलेले हिने एका बाजेवर आटोपले. रात्री साडेअकराला मेहुण्याने कूस बदलली, बारा वाजता बाज उचलून विहिरीपलीकडे नेली, आणि एक वाजता स्वतःच जाऊन जनरेटर बंद केला. दुसऱ्या दिवशी चारही बाजूंचे रॉकवूल आले. वर त्याने नियम केला, की गावाजवळ थांबलो तर दहाला बंद. त्यानंतर ओला पंचा आणि उघडी खिडकी.

मागच्या उन्हाळ्यात तो पवनीच्या बाजूला एका गावाबाहेर, तलावाच्या पाळीवर थांबला होता. कप्प्यातून बारीक गुरगुर तेवढी येत होती. गाडीबाहेर एक दिवा लावलेला होता. बरोबर दहाला त्याने नियमाप्रमाणे जनरेटर बंद केला आणि पुण्याचे समाधान घेऊन पाठ टेकली. पाच मिनिटांत दारावर थाप पडली. बाहेर एक म्हातारेबुवा उभे होते.

“बंद कायले केलं जी? गावातली लाइट गेली हाये. आमची पोरं तुमच्या उजेडात कॅरम खेळून राहिली होती.”

मेहुण्याने अकरापर्यंत जनरेटर चालू ठेवला आणि दोन बोर्ड हरला. डिझेलचा खर्च कोणत्या खात्यात टाकू, असे त्याने मला फोनवर विचारले. मी अजून विचार करतो आहे.