आजचे चिंतन : गीता १८.४६ – आईचं स्वकर्म



आजचा श्लोक १८ व्या अध्यायातला ४६ वा. ज्याच्यापासून सगळी भूतं उपजली आणि ज्याने हे सगळं व्यापलं आहे, त्याला आपल्या कर्माने पूजावं, माणसाची सिद्धी त्यातच आहे, असा त्याचा सरळ अर्थ. माउलींनी या ठिकाणी कर्मालाच फूल केलं आहे. कीर्तनात हा श्लोक निघाला की बुवा 'कष्ट हीच पूजा' म्हणतात आणि पुढे सरकतात. मला इतक्या लवकर पुढे सरकता येत नाही. आई आठवते.

आई हरसूल भागातली, पाड्यावरची. आमच्याकडे पाऊस भरपूर, पण डोंगरउतारावर तो थांबत नाही. भात, नागली, वरई एकदा निघाली की शेतात काम नाही, आणि उन्हाळा लागला की हंड्यासाठी पायपीट. म्हणून भात झोडून झालं की दिवाळीनंतर ती टोळीबरोबर वाघेऱ्याचा घाट ओलांडून द्राक्षाच्या बागांकडे जायची. गिरणारे गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची माणसं रस्त्याच्या कडेला उभी असतात, बागायतदार गाडी थांबवतो, भाव ठरतो, माणसं गाडीत चढतात. नागलीचं पीठ गाठोड्यात, राहायला प्लास्टिकचं पाल.

फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी, मग तोडणी. विरळणी मी जवळून पाहिली आहे. मांडवाखाली उभं राहून एकेका घडातले मणी कात्रीने काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. दिवसभर हात वर. टाळकऱ्याचे हातही इतका वेळ वर राहत नाहीत.

आई माळकरी होती. पण एकादशीला भाकरी खायची, कारण उपाशीपोटी मांडवाखाली उभं राहवत नाही. गंमत अशी की आमच्या डोंगरात पिकणारी वरई शहरात उपासाची भगर म्हणून जाते, आणि ती पिकवणारीचा उपास मोडलेला! पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ज्या गुरूंच्या कृपेने ज्ञानेश्वरी झाली असं माउली स्वतः सांगतात, त्यांचीच ही समाधी. सगळ्या महाराष्ट्रातून दिंड्या पायी येतात, आणि हरसूलहून त्र्यंबक एका एसटीच्या अंतरावर. तरी आईचं जाणं होत नसे. पौषात अर्ली बागांची तोडणी सुरू झालेली, मागास बागांत विरळणी चालू. काम उक्तं घेतलेलं, म्हणजे एकीचा खाडा पडला की तिचा भार बाकीच्यांवर. तेव्हा आई कुठे होती, देवाच्या कामात की देवाला सोडून?

प्रश्न सोपा नाही. याच अध्यायात ४१ ते ४४ या श्लोकांत चार वर्णांची कर्मं सांगितली आहेत. दुसऱ्याच्या बागेत मणी काढणाऱ्या आदिवासी बाईचं काम त्या यादीत कुठे बसतं? तिचं स्वतःचं म्हणावं असं काम तर नागलीचं होतं. बागेत ती मुकादमाची उचल फेडायला गेली. मग नाइलाजाने केलेलं काम फूल होतं का?

मला विनोबांचा आधार वाटतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली की त्याचं ओझं राहत नाही, असं ते तिथे सांगतात. ऐकणारे कोण, तर कैदी. त्यांनीही वाट्याचं काम काही निवडलेलं नव्हतं. काम कोणतं मिळालं यावर फूल ठरत नसावं.

पण इथेच एक चोरवाट आहे. एका हंगामाच्या शेवटी हिशेब अडला. शेठ म्हणाले, "मावशी, कष्ट म्हणजे पूजाच की. पैशाचं होईल मागंपुढं." आई म्हणाली, "शेठ, पूजा माझी मी करीन. मजुरी तुम्ही द्यायची." सगळी टोळी दिवेलागणीपर्यंत शेडच्या पायरीवर बसून राहिली. पैसे मोजून मिळाले. आश्रमशाळेनंतरचं माझं शिक्षण अशाच पैशांवर झालं.

फळाची आशा सोडायला गीता सांगते, ती करणाऱ्याला. तो श्लोक काम करवून घेणाऱ्याच्या तोंडी आला की त्याची उधारीची चिठ्ठी होते. आईने पूजा आणि मजुरी यांत कधी गल्लत केली नाही. मजुरीसाठी अडून बसलेली तीच बाई दुसऱ्या दिवशी घडातला एक मणीही खरचटू देत नव्हती. भिऊन म्हणावं तर शेवटच्या ओळीकडे मुकादम फिरकतही नसे.

गुडघे गेले तेव्हा तिची बाग सुटली, आणि मग पौषवारी घडली. समाधीचं दर्शन घेऊन ती बाहेर आली. मी विचारलं, "काय मागितलंस?"

"मागायचं काय? सांगून आले, खाडे पडले तेवढे कापून घे, बाकीचं मांडून ठेव."

उद्या ४७ वा श्लोक.